दारावरची पितळी पाटी

धाकट्या बहिणीच्या कचेरीवर पितळी पाटी लागली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं औषधाने बरं होणारं नव्हतं. पाटीवर ठसठशीत लिहिलं होतं, 'परदेशी सरकारच्या मदतीने'. धाकटीची संस्था कामगारांना फुकट कायदेसल्ला द्यायची. काचेचं दार काय, नव्या खुर्च्या काय, आणि बाहेर लोकांची ही रांग!

थोरली मात्र बारा वर्षं गळक्या छपराखाली मासिक काढत होती. "आम्ही नाही बाई कुठल्या सरकारच्या ओंजळीने पाणी पीत," हे ती येईल त्याला ऐकवायची. तिला पैसे द्यायचे ते परदेशातले एक वाचनप्रेमी गृहस्थ, कुठल्याशा खासगी न्यासाचे. दरवर्षी स्वतः यायचे, बिनसाखरेचा चहा घ्यायचे, आणि पाहुण्यांची वही पुढे केली की हात जोडायचे. "नावाची हौस नाही मला." त्यांच्या या साधेपणाचे गोडवे थोरली धाकटीसमोर मुद्दाम गायची.

कचेरीच्या रीतसर उद्घाटनाला धाकटीने हट्टाने ताईचंच भाषण ठेवलं. ताईने ते लिहून आणलं होतं, वरून कौतुक आणि आतून टोचण्या. शेवटचं वाक्य होतं, 'आम्ही कुणाचे मिंधे नाही, हीच आमची कमाई.'

"ताई, हे त्या सरकारचे अधिकारी," अशी ओळख करून देऊन धाकटी बाकीच्या पाहुण्यांना बसवायला गेली. समोर तेच गृहस्थ! हातात बिनसाखरेचा चहा. दाराजवळच्या वहीत त्यांनी नाव, हुद्दा, खातं, सगळं ऐसपैस लिहून सही ठोकली.

थोरलीने त्यांना कोपऱ्यात गाठलं. "माझ्या वहीत कधी केली नाहीत ती सही?"

"तिजोरी एकच आहे हो, बाई," ते हळूच म्हणाले. "तुमचं गुपचूप, यांचं उघड, एवढंच."

ज्या पाटीला थोरली महिनाभर नाकं मुरडत होती, तिच्यावरून तिची नजर हलेना. खुर्च्यांचा हेवा कुठल्या कुठे गेला. "मग मलाही द्या अशी पाटी."

"तुम्हाला कशी देणार? तुम्ही कुठल्या सरकारचं घेत नाही असं लोकांना वाटतं, म्हणून तर आम्ही तुम्हाला देतो."

"ताई, ये ना! सगळे थांबलेत," धाकटीने हाक मारली.

थोरली पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने भाषण वाचलं. शेवटच्या वाक्यासकट, जसंच्या तसं. सगळ्यांत जोरात टाळ्या धाकटीने वाजवल्या, डोळे पुसत पुसत. अशी बहीण मिळाली म्हणून तिचा ऊर भरून आला होता. थोरलीला तिचा इतका मत्सर आजवर कधीच वाटला नव्हता.