परशुरामाचा कान

"मामा, हे असं न्हाई चालायचं बघा," गॅरेजापुढं गाडी बंद करत विनायक म्हणाला. "चढ लागला की काळा धूर सोडूलालीय. लोकं विचारत्यात, रॉकेलवर चालवतोस काय गा?"

परशुरामानं बॉनेट उघडून एक प्लग काढला. काजळीनं काळा ठिक्कर पडलेला. खरं तर बघायचीही गरज नव्हती. इंजिनात पेट्रोल जास्त जात होतं आणि ते सोडणारा हात त्याचाच होता.

एके काळी रामनगरात या माणसाच्या कानाची केवढी ख्याती! गाडी अजून वळणावर असायची आणि हा इकडं चहा फुंकता फुंकता सांगायचा, हिचा व्हॉल्व्ह गेलाय. परशुरामासमोर कुजबुजू नका रे बाबांनो, अशी लोक मस्करी करायचे. मग मुलगा अमोल बेळगावात शिकून आला आणि गॅरेजात लॅपटॉप घेऊन बसला. टर्बोच्या गाड्या यायला लागल्या. अमोल कंपनीच्या कॉम्प्युटरला हात लावत नसे. गाडी अजून पळावी म्हणून सेन्सरच्या वायरीत तो साबणाच्या वडीएवढा एक डबा जोडायचा.

"कॉम्प्युटर हाय तसाच राहू दे, बाबा," तो सांगायचा. "हा डबा मधी बसून त्याच्या कानात सांगणार, टर्बोनं हवा ज्यास्त ढकललीय, आता पेट्रोल बी वाढव."

किती वाढवायचं ते लॅपटॉपवर ठरायचं. ते बरोबर ठरलं की नाही, हे मात्र परशुरामाचा कान सांगायचा. पेट्रोल कमी पडलं की इंजिनाच्या पोटात बारीक खटखट सुरू होते. गॅरेजवाले तिला नॉक म्हणतात. ती कुणी ऐकली नाही, तर पिस्टनला भोक पडलंच म्हणून समजा. इंजिनाला तांब्याची नळी बांधलेली, तिला रबरी नळी, आणि ती थेट परशुरामाच्या कानात. बापानं "खट" म्हटलं की पोरगा पेट्रोल वाढवायचा. पार गोव्याहून पोरं गाड्या घेऊन यायची.

मग तो दिवस आला मेला. कुंभारवाड्याला पाहुण्यांकडं बारसं होतं. परशुरामाची परतीची बस चुकली. "तुम्ही सावकाश या बाबा, ही डब्याची गाडी घेऊन मी एकटाच एक चक्कर मारून येतो," अमोल फोनवर म्हणाला. गुंदच्या रस्त्यावर वळणात इंजीन फुटलं, गाडी जागच्या जागी मेली, आणि समोरून ट्रक आला. लोकांनी नशिबाला दोष दिला, कुणी देवाचं काही राहिलं म्हणाले. परशुरामानं सगळं स्वतःवर घेतलं. आपण शेजारी असतो तर ऐकलं असतं, हे त्याच्या मनातून काही केल्या जाईना.

तेव्हापासून कुठलीही गाडी असो, नळी कानाला लावली की खट्, खट्. भीतीनं हात आपोआप पेट्रोल वाढवायचा. गाड्या जगायच्या, पण धावायच्या नाहीत. गिऱ्हाईकं कंटाळली. अमोलनं बसवलेले डबे एकेक करून निघाले. विनायकच्या गाडीतला हा शेवटचा.

विनायक अमोलचा शाळेपासूनचा दोस्त. तो खाली बघतच म्हणाला, "राग मानू नका मामा, पण डबा काढूनच टाका. वायरी परत जोडल्या की झालं. हितं काय हुतं, ते कळायचं बी न्हाई."

कळायचं बी न्हाई! परशुरामानं प्लग पुसून परत बसवला.

"एकदा बघतो," तो म्हणाला. "न्हाई जमलं, तर माझ्या हातानं काढतो."

त्याची बायको तारा चहाचे कप घ्यायला दारात आली होती. तिनं कप तसेच ठेवले. "मी बी येते."

"तू काय करणार गाडीत?"

"बसणार. घरात तरी कोण हाय माझी वाट बघणारं?"

विनायकनं स्टेअरिंग धरलं, परशुराम शेजारी, मांडीवर लॅपटॉप, कानात नळी. तारा मागं. जगलबेट सोडून गाडी जोयड्याच्या चढाला लागली. परशुरामानं लॅपटॉपवरच्या तक्त्यात पेट्रोल एक घर कमी केलं. खट्. लगेच परत वाढवलं. पुन्हा कमी केलं. खट्, खट्.

"वाजूलालंय," तो म्हणाला.

"मामा, धुराचा मीटर तर म्हणतोय पेट्रोल लय ज्यास्त हाय."

"मीटरला कान हाईत व्हय रे?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी विनायकनं गाडी कडेला घेतली. परशुरामानं लॅपटॉप मिटला. "चल माघारी. काढूया डबा."

"द्या ती नळी हिकडं," मागून तारा म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पोरानं मला बी ऐकवलं हुतं एकदा. 'आई, असं वाजलं की समजायचं इंजीन मरूलालंय.' मी इसरले न्हाई. द्या म्हणते न्हवं!"

तिनं पदर मागं सारून नळी कानाला लावली. "विनायक, जरा बंद कर इंजीन." रानात सगळं गप्प झालं. डोळे मिटून ती कितीतरी वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "हं. आता चालू कर."

गाडी चढाला लागली.

"कमी करा," तारा म्हणाली.

"वाजत न्हाई?"

"न्हाई. करा."

त्यानं एक घर कमी केलं.

"अजून."

"अगं, पिस्टन जाईल!"

"पोट भरल्यावर बी वाढतच बसायचं व्हय? करा कमी!"

परशुराम डोळे घट्ट मिटून बटण दाबत गेला. एका क्षणी गाडीनं हिसका दिला आणि ती सुटली. टर्बोची शीळ रानात घुमली. मागचा धूर कुठल्या कुठं गेला.

"बस्स!" तारा ओरडली. "आत्ता वाजलं, एकदा. एक घर मागं घ्या."

त्यानं घेतलं.

"अमोलनं दिली तवा अश्शीच पळत हुती," विनायक म्हणाला.

संध्याकाळी विनायक गाडी घेऊन गेला, डब्यासकट. शीळ ऐकू येईनाशी झाली तरी परशुराम गॅरेजापुढच्या बाकावर बसून होता. तारा कप गोळा करत होती.

"अगं, खरं सांग," तो म्हणाला. "मला ती खटखट अजून ऐकू येऊलालीय. तुला गाडीत खरंच काय आलं न्हाई?"

"आलं की."

तो ताडकन उठला. "मग कमी करा कशाला म्हणालीस? पोरगं चढावर हाय अजून!"

"बसा खाली. इंजीन बंद केलं तवा बी येत हुतं ते. चुलीम्होरं बसले तरी येतंय, इहिरीवर गेले तरी येतंय. गाडीतलं येगळं असतंय, अवो. ते एकदाच वाजलं, आन् मी लगीच सांगितलं." तिनं एक कप दुसऱ्यात ठेवला. "हे गाडीतलं न्हवं. हे आपलं हाय."

एवढे दिवस ही बाई तेच ऐकत होती आणि आपण एकदा विचारलंही नाही! परशुराम पुन्हा बाकावर बसला.

"मग ह्याला काय करायचं गं?"

"काय करायचं? येऊ दे की. त्याला आता दुसरं घर हाय व्हय?"

परशुराम बाकावर जरा सरकला. तारानं कप खाली ठेवले आणि ती शेजारी टेकली. दोघं ऐकत बसली.