सीताकाकूंची पाठ

"उंबऱ्याच्या आत पाऊल टाकशील तर खबरदार!" सीताकाकू खाटेवरून कडाडल्या. त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, पण जीभ मेली चांगली धडधाकट होती.

कालिंदी निमूट ओसरीवर थांबली. ती काशीतल्या ह्याच रामघाटाच्या गल्लीतली बालविधवा. पण जनाना इस्पितळात गोऱ्या मेट्रनच्या हाताखाली नर्स झाली, सगळ्या जातींच्या बायकांना हात लावू लागली, मग सोवळ्यातल्या काकूंना ती कशी चालावी? डॉक्टरांनी हात टेकले होते. निजून निजून पाठ सडू नये एवढं बघ, म्हणून त्यांनी तिला धाडलं होतं. न शिवता ते बघायचं कसं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

"मला शिकवा, ताई. मी करीन," सून शरदिनी दारातून म्हणाली.

"नुसतं सांगून यायचं नाही ते." कालिंदी सरळ ओसरीच्या फरशीवर आडवी झाली. "मी तुमची सासू. वळवा मला."

"अगंबाई! तुम्हाला शिवले तर पुन्हा नहावं लागेल. माघाची थंडी आहे हो!"

"मग नहा."

शरदिनीने चौकातल्या विहिरीकडे एकदा बघितलं आणि पदर खोचला. पहिल्या खेपेला तिने असं काही ओढलं की कालिंदीच बोंबलली. "अहो, फरफटवू नका! कातडी सोलते त्याने. एक हात खांद्याला, एक कमरेला. थोडं उचला, मग वळवा." दोन-तीनदा धडपडून जमलं एकदाचं. पाठीशी लोड, गुडघ्यांमध्ये लुगड्याची घडी. शेजारच्या पाठशाळेची घंटा झाली की कूस बदलायची, रात्री जाग येईल तेव्हा. ओलं अंथरूण क्षणभरही ठेवायचं नाही. पाठ रोज उजेडात बघायची.

शरदिनी कुडकुडत न्हाली आणि आत गेली.

"हात लावू नकोस!" आतून काकूंचा आवाज आला. "मरायला काशीत पडलेय मी. मेल्यावर माझी पाठ कोण बघणार आहे, विचार त्या नर्सिणीला!"

कालिंदीचं डोकंच फिरलं. "मरा ना खुशाल, काकू! पण सडत कशाला मरायचं?"

शरदिनीने जीभ चावली.

"ह्यांना उचललं ना," काकू हळू बोलल्या, "तेव्हा सडलेल्या पाठीच्या वासाने खांदेकऱ्यांनी उपरणी नाकाला लावली होती. एवढा विद्वान माणूस, आणि लोकांनी तोंडं फिरवली." मग त्या पुटपुटल्या, "कर बहू. करवट बदल."

त्यानंतर कालिंदी येत राहिली. ती ओसरीवरून विचारायची, आतून उत्तर यायचं. एक दिवस शरदिनी धावतच बाहेर आली.

"ताई, माकडहाडावर लाल झालंय!"

"बोटाने दाबून सोडा. पांढरं होतं?"

आत जाऊन ती परतली. "होतं. मग परत लाल."

"मग अजून आपल्या हातात आहे. आता पाठीवर निजवायचंच नाही. आणि चोळू नका."

पुढे शरदिनी म्हणाली, डाग गेला. पण खरंच गेला का? स्वतःच्या डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. कालिंदीचा जीव नुसता टांगणीला लागला. काकू मात्र आता उशीर झाला की आतूनच करवादायच्या, "नर्सीण कुठे मेली आज?"

वैशाखात काकू गेल्या. कालिंदी आली ती सवयीने ओसरीवरच थांबली.

"आत या," रडून लाल झालेल्या डोळ्यांनी शरदिनी म्हणाली.

"मी?"

"या हो. आता सगळ्यांनाच नहायचंय."

बायका काकूंना शेवटची आंघोळ घालत होत्या. शरदिनीने सासूला कुशीवर वळवलं. एक हात खांद्याला, एक कमरेला, थोडं उचलून, जराही न फरफटवता. कालिंदीने पहिल्यांदाच काकूंना हात लावला. माकडहाडावरून तळवा फिरवला. कुठे ओल नव्हती, खळगा नव्हता. कातडी अगदी शाबूत होती. तिला हुंदका आवरेना.

तिरडी गल्लीतून मणिकर्णिकेकडे निघाली. ओसरीवर उभी राहून कालिंदी बघत होती. चौघांचीही उपरणी खांद्यावरच होती.