थेंबरावांची फरशी

थेंबराव हे नाव त्यांना मेव्हण्याने दिलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे सासरेही जावयाला त्याच नावाने हाक मारू लागले. टूथपेस्टची नळी संपली की थेंबराव ती कात्रीने उभी चिरत आणि आतून ब्रश फिरवत. शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून घालून ती इतकी लांबवत की शेवटी शेवटी केस नुसत्या आठवणीवर धुतले जात. त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, हे सारं एका ठरावीक चेहऱ्याने बघायच्या. विसरलेल्या डब्याचं झाकण उघडताना माणसाचा होतो, तसा तो चेहरा. संसाराची इतकी वर्षं उलटल्यावर तो आता कायमचाच झाला होता, आणि नव्या माणसांना वाटायचं, काकूंना सर्दी आहे.

सध्या मात्र काकूंचं लक्ष नातीकडे लागलं होतं. लेकीची रजा संपत आली होती, आणि दिवसभर बाळ कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता. एकीकडे काकू, दुसरीकडे विहीणबाई. नात नुकतीच रांगू लागली होती. तिचं रांगणं म्हणजे दोन उड्या आणि एक लोळण, म्हणून घरात तिचं नाव पडलं बेडकी. जमिनीवर जे सापडेल ते तोंडात, एवढाच बेडकीचा नियम. त्यामुळे लेकीने निवाडाही सोपा ठेवला होता : जिथली जमीन स्वच्छ, तिथे बाळ. विहीणबाईंकडे अशा गुळगुळीत टाइल्स होत्या की माशी बसली तरी घसरावी. काकूंकडे होता दगड.

दगड नैसर्गिक होता, म्हणजे त्याला कुणी काही वळण लावलेलं नव्हतं. फिकट पिवळा, अंगभर बारीक भोकं, आणि सदा तहानलेला. चहा सांडला तर चहा प्यायचा, तेल सांडलं तर तेल, आणि पिऊन झाल्यावर तोंड पुसायचा नाही. सोफ्याजवळचा डाग एका पाहुण्याच्या कॉफीचा होता. पाहुणा जाऊन बरीच वर्षं झाली, डाग आहे.

काकूंनी हट्टच धरला, तेव्हा दोघं फरशीवाल्याच्या दुकानात गेले. त्याने सीलरचा डबा पुढे ठेवला आणि सांगितलं, की फरशी आधी धुऊन खडखडीत वाळवायची, मग हे लावायचं. दगड त्याला लागेल तेवढं पिऊन घेतो आणि त्याची भोकं आतून बुजतात. दहा मिनिटांनी वर जे उरेल ते कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं. सगळं, असं तो दोनदा म्हणाला. काकूंनी मान डोलावली. थेंबराव डबा हलवून आत किती आहे त्याचा अंदाज घेत होते.

काम थेंबरावांनी अंगावर घेतलं. वासाने डोकं उठेल म्हणून काकू रात्रीपुरत्या बहिणीकडे गेल्या, आणि निघताना उंबऱ्यातून, मग जिन्यातून, मग खालून खिडकीकडे बघून त्यांनी बजावलं, की पुसायला विसरू नका.

थेंबराव विसरले नाहीत. त्यांना ते तत्त्वतःच पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडून आत पाऊल टाकलं. दुसरं टाकायला गेल्या, तर पाय पुढे आला आणि चप्पल मागे राहिली. खाली बघितलं. हॉल मधासारखा चमकत होता. दाराकडून टेबलाकडे निघालेली मुंग्यांची एक रांग वाटेतच थांबली होती. काही मुंग्या अजून पाय हलवत होत्या, पण त्यात उमेद नव्हती. एक माशी पाठीवर पडून गुणगुणत होती. पालीची शेपटी होती. पाल नव्हती. खुर्चीजवळ थेंबरावांच्या अंगठ्याचं नख चंद्रकोरीसारखं चिकटलं होतं, आणि त्याभोवती त्यांच्या डोक्यावरचे चार केस, जे गमावणं त्यांना मुळीच परवडणारं नव्हतं.

"पुसलंत का?" त्यांनी विचारलं.

"पुसायचं कशाला? विकत आणायचं आणि फडक्याला पाजायचं?" थेंबराव आतल्या दारात उभे होते, कारण त्यांनाही हॉलमध्ये येता येत नव्हतं. "तीन हात दिलेत. तळाशी थोडं उरलं होतं, वाया गेलं असतं, म्हणून चौथा."

पुढचा सगळा दिवस काकूंनी गरम पाणी आणि साबण घेऊन फरशीशी झुंज दिली. फरशी हरली नाही, फक्त रंग बदलला. मधाचा शेंबूड झाला. चिकटा गोळा होऊन बोटांना लागायचा, बोटांवरून पदराला, पदरावरून दाराच्या कडीला. घरात कुठेही हात लावला की घर हात सोडायला तयार नसायचं. तेवढ्यात मागे खरवडल्याचा आवाज आला. थेंबराव गुडघ्यावर बसून मोठ्या कष्टाने माशी उचकटत होते, आणि त्यांच्या हातात स्वयंपाकघरातलं उलथनं होतं.

"धुऊन ठेवतो ना," ते म्हणाले.

काकू त्या रात्री जेवल्या नाहीत. उलथनं त्यांनी केराच्या डब्यात टाकलं. पहाटे ते पुन्हा ओट्यावर वाळत ठेवलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी ते वाकवून टाकलं.

रविवारी लेक आली, कडेवर बेडकी. काकूंनी हॉलभर चादरी अंथरल्या होत्या आणि लेकीला थेट आतल्या खोलीत न्यायचा बेत होता. पण थेंबरावांना आपलं काम दाखवायचं होतं. लेक दगडाचं काय झालं म्हणाली मात्र, त्यांनी एका चादरीचं टोक धरून ओढलं. चादर आली नाही. जोरात ओढल्यावर आली, पण निम्मी; उरलेली निम्मी फरशीने ठेवून घेतली. लेक ते बघत असताना बेडकी कडेवरून घसरली आणि एका उडीत उघड्या दगडावर पोचली. तिथे तिचा तळहात चिकटला. तिने तो ओढला, फटकन आवाज झाला, तिला आवाज आवडला. पुन्हा टेकला, पुन्हा फटकन. तिसऱ्यांदा तिने हात उलटा करून पाहिला. तळव्यावर दोन मुंग्या आणि एक राखाडी केस होता. बेडकीच्या नियमाप्रमाणे ते तोंडाकडे निघालं.

लेकीने झडप घालून तिचा हात धरला, बोटाने तिचं तोंड आतून पुसलं, आणि बाहेर काय आलं ते बघितलं. आईकडून आलेला तो चेहरा तिच्या तोंडावर असा हुबेहूब उमटला, की थेंबरावांना एकाच खोलीत दोन बायका असल्यासारखं वाटलं.

"आई, मी हिला तिकडेच ठेवते," ती हळू म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नको."

ती गेल्यावर काकू त्या अर्ध्या चादरीवर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. त्यांचं रडणं थेंबरावांना सोसलं असतं, त्याची सवय होती. "पहिलं पाऊल तिकडेच टाकेल," त्या म्हणाल्या. "पहिला शब्दही तिकडेच बोलेल. आणि मला ओळखायला लागेल, तेव्हा म्हणेल, ही ती चिकट घरातली बाई."

थेंबरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आपण होऊन फरशीवाल्याला फोन केला. फोन स्पीकरवर होता, म्हणून पलीकडचा सुस्कारा काकूंनाही ऐकू आला.

"पुसलं नव्हतंत ना, काका?" फरशीवाल्याने विचारलं. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. तसलाच नवा डबा आणा म्हणाला. तेच सीलर पुन्हा भरपूर ओता, त्याने वर सुकलेला जुना थर सैल होतो, आणि सैल झाला की लगेच, वाळायच्या आत, जुनं-नवं सगळं पुसून फेकून द्या.

"नवंसुद्धा?" थेंबरावांनी विचारलं.

"नवंसुद्धा."

"मग उरतं काय?"

"उरायला नकोच आहे काही. दगडाला हवं होतं ते त्याने पहिल्याच दिवशी प्यायलं. बाकीचा तुमचा लोभ आहे तो."

घरात मयताची बातमी आल्यासारखं झालं. पण थेंबराव गेले, डबा आणला, खिडक्या उघडल्या आणि गुडघे टेकले. डबा ओतताना ते जितके हळहळले, तितके मुलीच्या पाठवणीतही हळहळले नव्हते. पुसायला फडकी पुरेनात, म्हणून काकूंनी कपाटाच्या तळातून त्यांचे बनियन काढले. भोकंच जास्त आणि कापड कमी, काखेत पिवळे, पाठीत कळकट. वर्षानुवर्षं त्या ते धुवायलासुद्धा चिमट्याने उचलत आल्या होत्या. आज त्या बनियनांमध्ये एकेक करून मुंग्या, माशीचे उरलेले पाय, शेपटी, नख, केस, चादरीचे धागे असा सगळा राडा गोळा होत गेला. थेंबराव प्रत्येक बनियन पिळून बघायचे, काही परत डब्यात जाईल का म्हणून, आणि काकू तो त्यांच्या हातातून काढून पिशवीत टाकायच्या.

"हा शेवटचा धुऊन ठेवला तर—"

"नाही," काकू म्हणाल्या.

पिशवी त्या स्वतः खाली घेऊन गेल्या आणि कचऱ्याची गाडी ती गिळेपर्यंत रस्त्यावर उभ्या राहिल्या. थेंबरावांवर त्यांचा विश्वास होता, पण गाडीवर जास्त होता.

लेकीला बोलवायला फोन काकूंनी नाही केला, थेंबरावांनी केला. आपली चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, काम आता पूर्ण झालंय. लेक आली, दारातच गुडघे टेकून बसली, फरशीवरून तळहात फिरवला, तो हुंगला, उजेडात धरून बघितला. सोफ्याखालीही हात घातला. मग तिने बेडकीला खाली सोडलं.

बेडकीने दोन उड्या मारल्या. हात टेकून पाहिला. फटकन काही झालं नाही, तशी जराशी हिरमुसली. मग हॉलच्या बरोबर मध्यावर जाऊन बसली, एक ढेकर दिला, आणि आईने घाईत पाजलेलं सगळं दूध, फाटलेलं, केळ्याच्या तंतूंसकट, दगडावर ओकली. आंबूस वास सुटला. लेकीने डोळे मिटून घेतले.

थेंबराव वाकले. दगड काही पीत नव्हता. ओकारी जशीच्या तशी वर बसून होती, कडासुद्धा पसरत नव्हत्या. "बघ," ते म्हणाले, "थेंबभर आत गेलं नाही."

लेकीने डोळे उघडून ते नीट बघितलं. मग तिने खांद्यावरची बाळाची पिशवी काढली आणि खुंटीला अडकवली. कपडे, बाटल्या, डबे, दिवसभराचं सगळं होतं तिच्यात.

ती फडकं आणायला वळली, तर काकू मध्ये आल्या. "राहू दे. माझ्या फरशीवर आहे, मी पुसते." त्यांनी नाक मुरडलं, श्वास रोखला आणि एका हाताने पुसून टाकलं. खाली डाग नव्हता. विहीणबाईंना हे कळवावं असं त्यांना फार वाटलं, पण नातीच्या ओकारीची बढाई कशी मारतात ते काही सुचेना.

तरी त्यांनी फोन लावलाच.