स्रोत क्रमांक सात: पिण्यास योग्य

ठिकाण: समुद्राकडच्या वाडीतला हातपंप.
उपस्थिती: अंदाजे तीनशे.
पाणी: दोन वर्षांपासून नाही.

तरीही त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता महाराजांनी दांडा हाणला आणि पाणी आलं. आधी पोटात गुरगुरल्यासारखा आवाज, मग धार. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाईल वर धरले.

महाराज गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडकडून आले होते आणि बोलायला कमी नव्हते. "जुओ भाई, जमिनीत पाणी नाही असं तुम्ही म्हणता. सरकार काय म्हणतं?" त्यांनी झोळीतून प्लॅस्टिकच्या कव्हरमधला कागद काढला. ग्रामपंचायतीचा पाणी तपासणीचा तक्ता होता तो. "स्रोत क्रमांक सात, हातपंप, पिण्यास योग्य. दर महिन्याला, चोवीस महिने. जलदेवी आई इथे अदृश्य रूपात वाहत होती. तुम्हाला दिसली नाही, सरकारला दिसली. मी फक्त दांडा हाणला."

तक्ता खरा होता. मीच भरलेला. मी शैलेश, पंचायतीचा संगणक चालक. मी असल्या चमत्कारांवर विश्वास ठेवत नाही. महाराज भोंदू आहेत हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. पण त्यांच्या हातात माझाच कागद असल्यामुळे मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

विधी: तीर्थ फुकट. अट एकच. प्रत्येक घराने आपल्या विहिरीचं कळशीभर पाणी आणून ओट्यावरच्या शिळेवर अभिषेक करायचा, मग तीर्थ घ्यायचं. ओटा महाराजांच्या शिष्यांनीच आठवड्यापूर्वी नव्याने बांधून दिला होता. सेवा म्हणून.

"कशाकशावर चालतं महाराज?" बोटवाल्या नविनने विचारलं.

"कावीळ, मूळव्याध, सांधे. बोटीचं इंजिन."

"इंजिन?"

"इंजिनाला श्रद्धा नसते असं तुला कुणी सांगितलं?"

नविनची बोट आठ दिवस बंद होती. तो कळशी आणायला गेला.

रुग्ण: श्रुतिका, वय नऊ. डोळे हळद लावल्यासारखे. वाडीत अशी सहा मुलं.

आरोग्यसेविका कल्पिता घरोघर सांगून दमली होती, की ही कावीळ पाण्यातून येते, पोरीला डहाणूच्या दवाखान्यात न्या. विहिरी बंद कराव्यात असं पत्रही तिने वर पाठवलं होतं. उत्तर आलं: "अहवालानुसार सर्व अकरा स्रोत पिण्यास योग्य आहेत. सबब विहिरी बंद करण्याचे कारण दिसून येत नाही." श्रुतिकाची आई सुधा म्हणाली, पाणी चांगलं आहे म्हणजे ही बाहेरची बाधा आहे. दवाखाना राहिला. सासूबाई नातीला घेऊन हातपंपावर आल्या.

सासूबाई म्हणजे चंद्रावतीआजी. बोंबील सुकवून विकतात, बाजारात त्यांच्याशी भाव करायला कुणी धजत नाही. महाराजांनी ओंजळीत तीर्थ घातलं. आजींनी ते नातीला दिलं नाही. आधी स्वतःच्या जिभेवर टेकवलं, आणि बाजूला थुंकल्या.

"कुठल्या विहिरीचं हे?"

"विहिरीचं नाही बेन, आईचं."

"यात वाळूवरच्या विहिरीचं खारं पाणी आहे. वडाखालच्या विहिरीचा गंज आहे. नविनच्या बागेतल्या विहिरीचं गोडंही आहे. पन्नास वर्षं डोक्यावरून वाहिलंय, मला जिभेला कळतं. आई काय तीन विहिरी हिंडून पाणी भरून आली?"

मागे कुणीतरी हसलं.

"मन शुद्ध नसलं की चव बिघडते," महाराज म्हणाले.

"मासळीवाली आहे मी. बिघडलेला माल ओळखूनच पोट भरते. असं करा, आजपासून उद्या दहापर्यंत अभिषेक बंद. आहे ते उपसून टाका. उद्या परत दांडा हाणा."

"आई रुसेल."

"रुसू दे. समजूत मी घालते."

दुसरा दिवस, सकाळी दहा. महाराज हजर नव्हते. पहाटे एका ट्रकने अच्छाडकडे गेले, असं धाब्यावरून कळलं. दांडा नविनने हाणला. चाळीस वेळा. हवा आली.

मग त्यानेच पहार घेतली. शिळेखाली भोक निघालं, ओट्याखाली दोनशे लिटरचा निळा ड्रम आणि ड्रममध्ये पंपाच्या पाइपचं तोंड. पहिली भरती शिष्यांनी केलेली असणार, नंतर अभिषेकाचं पाणी वरून ड्रममध्ये जायचं आणि दांडा हाणला की तीर्थ होऊन बाहेर यायचं. सगळ्या विहिरींचं पाणी एकत्र करून आम्ही सगळ्या घरांत वाटत होतो. त्यात आजारी घरंही आली आणि निरोगी घरंही.

मी पुढे झालो. विज्ञानावर चार वाक्यं बोललो. टाळ्याही पडल्या.

"बस झालं," आजी म्हणाल्या. "तो कागद महाराजाने घरी छापला नव्हता. इथे पाणीच नाही, तर तू योग्य कसं लिहिलंस?"

मी तक्ता बघितला.

"खारेपणा किती लिहिलाय ते वाच."

"क्लोराइड अडतीस. अडतीस. अडतीस."

"वाळूवरची विहीर?"

"अडतीस."

"त्या पाण्यात डाळ शिजत नाही. तिचेही अडतीस?"

सगळ्यांनी दशरथकडे बघितलं. दशरथ आमचा जलसुरक्षक. विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि दर महिन्याला नमुने डहाणूच्या प्रयोगशाळेत पोचवायचे, हे त्याचं काम.

"अकरा ठिकाणं," तो खाली बघून म्हणाला. "तीन खाडीपलीकडे. बाटल्या सकाळीच पोचायला हव्यात. एखादी नापास झाली की फोन मलाच येतो. डहाणू रोडला स्टेशनबाहेर चहाची टपरी आहे. तिथला नळ चांगला आहे."

"अकराही तिथेच भरतोस?" आजींनी विचारलं.

"पास तर होतात."

म्हणजे दोन वर्षं आम्ही एका टपरीच्या नळाची तपासणी करत होतो. नळ उत्तम निघाला, याबद्दल शंका नाही. माझा वाटाही सांगतो. पंपाला पाणी नाही म्हणून सातव्या क्रमांकाचा रकाना मी एकदा रिकामा ठेवला होता. सॉफ्टवेअर पुढे जाईना. मग मी तो भरला. त्यानंतर कधी विचार केला नाही.

आजींनी मोठा आवाजही केला नाही. "महाराजाने सगळ्या विहिरींचं पाणी एका नळातून काढलं. तुम्ही एका नळाचं पाणी सगळ्या विहिरींतून काढलंत. त्याला तर आम्ही पळवलं."

अनुपालन: श्रुतिका त्याच दुपारी दवाखान्यात. पंधरा दिवस लागले, वाचली. दशरथ आणि कल्पिता दहा विहिरींवर फिरले, आजी बरोबर. आत तपासणीचं औषध असलेली प्रत्येक बाटली विहिरीच्या काठावर भरली, तिथेच चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी चार बाटल्या काळ्या पडल्या. पाण्यात मैला मिसळला की त्या काळ्या पडतात. वाळूवरची विहीर त्यात होती. आजींचं घर तिथलंच पाणी पितं. चारही विहिरी दोर लावून बंद केल्या, बाकीच्यांत पावडर टाकली, घरोघर पाणी उकळायला लावलं. पुढच्या महिन्यात आणखी तीन मुलं पिवळी झाली. त्यांच्या पोटात ते पाणी आधीच गेलेलं होतं. त्यानंतर नवं कुणी नाही.

महिन्याचा तक्ता मी खऱ्या आकड्यांनी पाठवला. संध्याकाळी वरून फोन.

"तुम्ही शंभर टक्के होतात. एकदम साठावर? पाण्याला झालं काय?"

"पाण्याला काही झालं नाही साहेब. या वेळी ते तपासलं."



शेरा: तुमच्याही गावाचा असा तक्ता असतो, तो मागा, द्यावा लागतो. सगळे आकडे सारखे दिसले तर खूश होऊ नका. बाटली कुणी भरली, कुठे भरली, किती वाजता भरली, हे विचारा. कुणी चिडलं तर पुन्हा विचारा. आणि उत्तर येईपर्यंत पोरांना पाणी उकळून द्या.