अर्ध्या बॉनेटची चमक

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी मला मोबाइलवर नक्की पाहिले असेल. गडद निळा रंग, बॉनेटच्या मधोमध चिकटवलेली पिवळी पट्टी, पट्टीच्या एका बाजूला ओरखड्यांचे जाळे आणि दुसऱ्या बाजूला अशी चमक, की मोबाइल धरणारीचा चेहराही तिच्यात दिसावा. ती गाडी म्हणजे मी. वयाने जुनी आणि तोंडाने फटकळ. सध्या एका दुकानाच्या मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभी आहे. अंगावर चादर टाकलेली आहे, त्यामुळे बघण्यासारखे काही उरलेले नाही. म्हटले, निदान बोलावे.

कारखान्यात माझ्या पत्र्यावर आधी एक राखाडी लेप चढला, मग निळा रंग आणि सर्वांत शेवटी एक पारदर्शक थर. या थराकडे नीट लक्ष द्या, कारण पुढचे सगळे दुखणे त्याचेच आहे. गाडीची चमक रंगात नसते, या थरात असते. कागदाहून पातळ असतो बिचारा. ऊन, धूळ, पक्ष्यांची घाण, सगळे तोच सोसतो. तुमचे ढोपर फुटले तर त्यावर खपली धरते आणि खालून नवी कातडी येते. आमच्या नशिबात खपली नाही. गेले ते गेलेच.

मला घेतले एका नर्सबाईने. भावाची दोन मुले तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणते. तिने लग्न केले नव्हते. त्या घरात आलेली मी पहिली गाडी, आणि तीही एका बाईच्या पगारातून. शेजारी विचारायचे, ‘एकट्या बाईला गाडी कशाला?’ ती म्हणायची, ‘एकटीला बसायला.’ विचारणाऱ्याचे तोंड तिथेच बंद व्हायचे.

मी आत्याला वेळी-अवेळी हॉस्पिटलात नेले आणि थकलेली घरी आणले. घरासमोर इंजिन बंद करून ती थोडा वेळ तशीच बसून राहायची. वॉर्डात एखादे पोर दगावलेले असले की स्टिअरिंगवर कपाळ टेकवायची. घरात शिरताना तिचा चेहरा हसरा असे. तिचे रडणे फक्त मला माहीत होते, आणि मी ते कधी कोणाला सांगितले नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे.

भाचा माझ्यावरच गाडी शिकला आणि शिकता शिकता फाटकाच्या खांबाला मला भेटवून आला. भाचीला वळणाच्या रस्त्यावर मळमळायचे, त्याचा प्रसाद मागच्या सीटला मिळायचा. तरी मला ती दोघे आवडायची. घरची पोरे ती.

पुढे आत्याचे डोळे अधू झाले. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरट दिसू लागले, तशी तिने कोणी सांगायची वाट पाहिली नाही. किल्ली भाच्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “हिला जप. माझी एवढीच एक हौस आहे.” भाच्याने मान हलवली. त्या वेळी त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

भाच्याने डिटेलिंगचे दुकान काढले होते. डिटेलिंग म्हणजे नुसती गाडी धुणे नव्हे. सीटच्या शिवणीतली धूळ मऊ ब्रशने काढायची, एसीच्या जाळीतून काडीएवढा ब्रश फिरवायचा, मशीनला फोमची गादी लावून रंगावरचे बारीक ओरखडे अलगद उतरवायचे. पोराचा हात फार चांगला होता. पण दुकान आडरस्त्याला, आणि चांगला हात रस्त्यावरून दिसत नाही. दिवसचे दिवस तो स्वतःचीच अवजारे पुसत बसायचा.

मग भाची मदतीला आली. तिने धुतलेल्या गाड्यांचे फोटो टाकले. कोणी ढुंकून पाहिले नाही. स्वच्छ गाडीच्या फोटोत बघायचे तरी काय? पण भाची हुशार. तिच्या लक्षात आले, की लोकांना स्वच्छता बघायची नसते, घाण जाताना बघायची असते. मग तिने मोबाइल एकाच जागी बांधून ठेवला, आधीचे आणि नंतरचे त्याच कोनातून घेतले. दिवा खाली तिरका धरला, म्हणजे ओरखडे उठून दिसत. गाणीबिणी काढून टाकली आणि ब्रशचा खरखर आवाज तेवढा ठेवला. लोक बघू लागले. फोन वाजू लागला. दोघांच्या तोंडावर हसू आले आणि मलाही बरे वाटले.

एकदा मात्र एक गिऱ्हाईक तणतणत आले. व्हिडिओत त्याच्या सीटखालून बिस्किटांचा चुरा, एक मोजा आणि वाळलेले केळ्याचे साल निघाले होते, आणि नंबरावरून त्याच्या व्याह्यांनी गाडी ओळखली होती. “धुवायला दिली होती की अब्रू काढायला?” असे म्हणून तो गेला तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या गाड्या दाखवायच्या नाहीत असे ठरले. मग दाखवायचे काय? भाचीची नजर दुकानात फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

मित्रांनो, इथून माझे दिवस फिरले.

आधी माझ्यावर चिखल उडवला, तो धुतला. त्याने माझे काही बिघडले नाही. मग पिवळी पट्टी आली. अर्धे बॉनेट तसेच ठेवायचे, अर्धे पॉलिश करायचे आणि शेवटी पट्टी सर्रकन ओढायची. त्या व्हिडिओने तर कमाल केली. लोकांनी कौतुक करकरून बोटे दुखवून घेतली. आता एकदा अर्धे चमकले, की पुढच्या व्हिडिओला पुन्हा ओरखडे हवेत. ते कुठून आणायचे? मातीच्या फडक्याने. ज्या हातांनी आत्याच्या सांगण्यावरून मला जपायचे, तेच हात मला गोल गोल ओरबाडू लागले आणि मग तेच ओरखडे काढू लागले. ओरखडा काढणे म्हणजे तो भरून काढणे नव्हे. त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या खोलीइतका उतरवायचा, म्हणजे तो दिसेनासा होतो. कौतुकाने माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढते म्हणतात. माझ्या अंगावरचे उतरत होते.

भाच्याला हे कळत नव्हते असे नाही. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारे एक छोटे यंत्र होते. प्रत्येक वेळी तो ते माझ्या बॉनेटवर टेकवायचा. एकदा आकडा पाहून म्हणाला, “आता बास. हिच्यात काही उरलं नाहीये.”

“दादा, एवढा एकच,” भाची म्हणाली. “लोक विचारतायत, निळी गाडी कुठंय म्हणून. आत्ता थांबलो तर विसरतील आपल्याला.”

तो तयार झाला. आणि पुढच्या वेळी त्याने ते यंत्र ड्रॉवरमधून बाहेरच काढले नाही. ओरखड्यांचा मला तितका राग नाही, जितका त्या बंद ड्रॉवरचा आहे.

व्हायचे तेच झाले. मशीन फिरत होते, दिवा तिरका होता, मोबाइल चालू होता. मला एका जागी चटका बसला. भाच्याने मशीन उचलले तर पांढऱ्या फोमच्या गादीवर निळा रंग. माझा रंग. तो थर संपून मशीन खालपर्यंत पोचले होते. माझ्या बॉनेटवर तळहाताएवढा एक डाग पडला होता, निस्तेज, कडेने पांढुरका. भाचा खालीच बसला. पॉलिश करणाऱ्याच्या हातून व्हावी अशी याहून वाईट गोष्ट नाही.

भाची घाबरली, पण तिचे डोके चालूच होते. तिने बाटलीतून माझ्यावर पाणी फवारले. ओला झाला की तो डाग दिसत नाही, चमकतो. तिने तेवढेच टिपले आणि टाकून दिले. ओल्या अंगावरची ती खोटी चमक माझ्या आजवरच्या खऱ्या चमकेपेक्षा जास्त लोकांनी पाहिली.

त्यांच्यातच आत्या होती.

तिचा फोन आला. भाच्याने तो स्पीकरवर ठेवला होता. “अरे, काय दिसतेय रे ती! घेतली तेव्हा अशीच होती. रविवारी येते. मला एक चक्कर मारून आण तिच्यातून.” नको म्हणायला दोघांनाही निमित्त सुचले नाही.

रविवारी तिची रिक्षा कोपऱ्यावर दिसताच भाचीने बाटली उचलली आणि मला पुन्हा चिंब केले. आत्या आली. भाच्याने खुर्ची पुढे केली, भाची म्हणाली, “आधी चहा घे, मग बघ.” पण आत्या खुर्चीत बसली नाही. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“ओली ठेवलीस? आणि एवढ्या उन्हात?” ती भाच्याला म्हणाली. “पाणी वाळलं की डाग पडतात, हे तूच सांगतोस ना सगळ्या जगाला?”

ओली गाडी उन्हात वाळू द्यायची नाही, हे या धंद्यातले पहिले अक्षर. आत्याने त्याच्या खांद्यावरचे फडके ओढून घेतले आणि मला पुसू लागली. काचेपासून सुरुवात करून खाली, अलगद. कितीतरी वर्षांनी तिचा हात माझ्यावर फिरत होता, आणि मला वाटत होते की तो थांबावा.

फडके डागावरून गेले. आत्या थांबली. पुन्हा पुसले. फडक्याची घडी बदलून पुन्हा पुसले. मग वाकून डोळे बॉनेटला टेकतील इतके जवळ आणले.

“इथं धुरकट दिसतंय रे,” ती हळूच म्हणाली. “का माझेच डोळे? डॉक्टर म्हणालेच होते, ऑपरेशन लांबवू नका म्हणून.”

“डोळेच असतील गं आत्या,” भाची पटकन म्हणाली. “ऊन किती आहे बघ ना.”

आत्याने मान डोलावली. तिचा विश्वास बसला होता. तिथेच सगळे मिटले असते. तिला खुर्चीत बसवायचे, चहा द्यायचा, एक चक्कर मारून आणायची आणि तिच्या डोळ्यांवर ढकलून मोकळे व्हायचे. भाच्याने बहिणीकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

“डोळ्यांचं नाही, आत्या,” तो म्हणाला. “रंग गेलाय. मी घालवलाय.”

मग त्याने सगळे सांगितले. मातीचे फडके, पट्टी, निळी झालेली गादी, पाणी. मध्येच भाची रडत म्हणाली, “दादा नको म्हणत होता. मीच म्हणायचे, अजून एक, अजून एक.”

“किती वेळा घासलंस?” आत्याने विचारले.

“मोजायचं सोडून दिलं होतं,” भाचा म्हणाला.

आता ती कडाडेल असे मला वाटले. हॉस्पिटलात तिला डॉक्टरही टरकून असायचे. पण तिने पर्समधून मोबाइल काढला आणि नुसता हातात धरून उभी राहिली.

“मी सगळे व्हिडिओ बघितले रे,” ती म्हणाली. “एकेक दोन-दोनदा. शेजारणींना बोलावून दाखवले. प्रत्येकाला अंगठा दिला. खाली लिहायलाही शिकले, ‘छान, अजून टाका.’” तिने मोबाइल पर्समध्ये परत टाकला. “म्हणजे तुमच्याबरोबर मीपण घासतच होते की तिला.”

तिने माझे दार उघडले, चालकाच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतले. स्टिअरिंगवर तिचे कपाळ टेकले. बाहेर दोघे उभी होती, आत यायचे धाडस कोणाला झाले नाही. चहा तसाच निवून गेला.

त्यानंतर भाचीने तो ओला व्हिडिओ काढून टाकला आणि दुसरा टाकला. त्यात चिकटपट्टी नाही, दिवा नाही. फक्त फडके माझ्यावरून फिरते आणि डाग उघडा पडतो. खाली लोकांनी नाही नाही ते लिहिले. दुकानाचा फोन कमी वाजतो. भाचा पुन्हा अवजारे पुसत बसतो, आणि हे दुकान टिकेल की नाही ते मला खरेच ठाऊक नाही. बॉनेटला नवा रंग द्यायचे चालले होते, पण आत्या म्हणाली, आत्ता नको.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी असेल, ज्याला तुम्ही चारचौघांत मिरवता. गाडी असेल, मांजर असेल, नाहीतर गाणे म्हणणारी धाकटी बहीण असेल. मिरवा, माझी ना नाही. पण ‘अजून एक’ म्हणण्याआधी त्याच्या अंगावर हात फिरवून बघा, काही उरले आहे का. पडद्यावर ते दिसत नाही.

आत्याच्या डोळ्यांचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. डोळ्यांवरची पट्टी सुटली की आधी मला बघायला येणार आहे म्हणे, तोवर हात लावायचा नाही अशी तिची ताकीद आहे. इतक्या वर्षांनी ती मला स्वच्छ डोळ्यांनी पाहील. मला भीती वाटते, लपवत नाही. पण कोणी बाटली घेऊन आले, तर मला वाचवा. मला कोरडीच उभी राहू द्या.