एकशे नव्वदचा ट्रान्सफॉर्मर

आमच्या कासूत संध्याकाळी दिवे लागले की व्होल्टेज एकशे नव्वदवर यायचं. त्यात आमचं घर तारेच्या अगदी शेपटाला. मिक्सर खोबरं वाटायचा नाही, नुसतं ढवळायचा. यासाठी मी वर्षानुवर्षं वीज कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मला बघून तिथला साहेब चहा अर्धा टाकून उठायचा, इतकी माझी कीर्ती.

आणि माझ्या नवऱ्याने, हिरामणने, काय करावं? पेणला जाऊन मुद्दाम व्होल्टेज पडेल असा ट्रान्सफॉर्मर बनवायला टाकला.

हिरामण हळदीला बेंजो वाजवतो. कळा दाबून तारा छेडायचा, आमच्याकडचा बेंजो. पेणला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे नूरमहंमदभाई आहेत, त्यांच्या पुतण्याने कुवेतहून गिटारचा जुना अँप्लिफायर आणला होता. काचेच्या व्हॉल्व्हचा, आणि ट्रान्सफॉर्मर जळालेला. हिरामण तो डबा बघून आला तो असा खुललेला, की मला बघायला आला होता तेव्हाही इतका खुलला नव्हता.

नूरभाईंनी सरळ सल्ला दिला. आत एसीची डीसी करणारा एक व्हॉल्व्ह आहे, त्याला पाच व्होल्टचं वेगळं वाइंडिंग लागतं, ट्रान्सफॉर्मर मोठा होतो, तापतो. त्यापेक्षा व्हॉल्व्ह काढून दोन डायोड टाकू, व्होल्टेज ताठ राहील. हिरामणला ताठ नको होतं. तार जोरात छेडली की व्होल्टेज क्षणभर दबलं पाहिजे, म्हणजे सूर आधी गुदमरतो आणि मग फुलतो, असं त्याने कुठूनतरी ऐकलं होतं. आयुष्यभर स्टॅबिलायझर बनवणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे वैद्याकडे जाऊन ताप मागणं. मी म्हटलं, आपल्या घरी व्होल्टेज फुकट पडतं, त्यासाठी पेणला कशाला जायचं? पण ऐकेल तो हिरामण कसला.

शेवटी नूरभाईंनी त्याच्या मनासारखा ट्रान्सफॉर्मर केला. त्यांची पद्धत अशी की गिऱ्हाईक आलं की आधी गाव विचारायचं. पेणचा असेल तर तारेचे वेढे वेगळे, कासूचा असेल तर वेगळे. आमचं शेवटचं घर ऐकून त्यांनी ट्रान्सफॉर्मर एकशे नव्वदवर बेतला. डबा फार गोड वाजला. आमची लेक ऋतुजा स्वतःच्या हळदीला डीजेच हवा म्हणून रुसून बसली होती. बापाचा बेंजो त्यातून ऐकला आणि म्हणाली, डीजे नको, बाबाच वाजवतील. हिरामणने रोह्याच्या व्याह्यांना तसं छातीठोक सांगितलं. डीजेवाल्याला कोणी विचारलंही नाही.

हळदीच्या सकाळी खांबावर नवी डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा मोठा ट्रान्सफॉर्मर, चढली. या गावात काय फरक पडणार, म्हणत हिरामणने नाक मुरडलं आणि मांडवात गेला. मी खोबरं वाटायला घेतलं, तर मिक्सर असा ओरडला की मी मागेच सरले. फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा काटा दोनशे चाळीसवर. माझ्या अर्जांना फळ आलं होतं. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात डबा आठवला.

नूरभाईंना फोन केला.

"वहिनी, दोनशे चाळीसवर लावू नका," ते म्हणाले. "पहिल्या गाण्यातच व्हॉल्व्ह जातील. आन् एका दिवसात दुसरा गुंडाळून व्हनार नाय."

हिरामण मांडवात तारा जुळवत होता. संध्याकाळी नारळ फोडूनच डबा चालू करायचा, म्हणून नुसताच त्याच्यावरून हात फिरवत होता. मला फार वाईट वाटलं. सांगायला गेले आणि तशीच परत आले.

डीपी नवी असली तरी तारा जुन्याच होत्या, आणि त्या तारांचं दुखणं माझ्याइतकं कोणाला ठाऊक? गावात लोड वाढला की शेपटाला व्होल्टेज पडतं, हेच तर मी प्रत्येक अर्जात लिहीत आले होते. संध्याकाळी नटूनथटून आलेल्या बायकांना मी दारातूनच परत पाठवलं. इस्त्री लावा, गिझर लावा, शेगडी लावा, पंप लावा आणि मग या.

"हळदीला इस्त्री कसली गो?" माझी जाऊ धोंडुबाई म्हणाली.

"ऋतुजाच्या बापासाठी," मी म्हटलं. ती पदर खोचून घराकडे वळली.

मी काट्यासमोर उभी राहिले. दोनशे वीस. दोनशे दहा. मग कोणीतरी भाताची गिरणी चालू केली आणि काटा एकशे नव्वदवर आला. ज्या आकड्याला जन्मभर शिव्या दिल्या, त्याला मी हात जोडले.

हिरामणने नारळ फोडला आणि वाजवायला बसला. सूर खरंच आधी गुदमरला, मग फुलला. ऋतुजा हळदीच्या अंगाने रडत होती, उष्टी हळद घेऊन आलेले रोह्याचे पाहुणे नाचत होते, आणि गावातल्या घराघरांत इस्त्र्या तापत होत्या.

वाजवून झाल्यावर तो पाणी प्यायला आत आला. फ्रिजपाशी थांबला, काट्याकडे बघितलं आणि हसला.

"बघ गो," तो म्हणाला. "इतकी वरसं भांडलीस, साहेबाला छळलंस. नवी डीपी आली, तरी काटा हाय तिथंच. बरं झालं मी नूरभाईला एकशे नव्वद सांगितलं."

नवऱ्याचा एकही शब्द मी आजवर परतवल्याशिवाय सोडलेला नाही. त्या संध्याकाळी मी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि "व्हय" म्हटलं.