कुंपणाबाहेरचा बिगुल

मित्रांनो, मी एक जुना बिगुल आहे. अंग पितळेचं, मानेला मोठा पोचा, आणि स्वभाव थोडा तापट, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला ना चाव्या, ना बटणं. वाजवणाऱ्याचे ओठ आणि त्याच्या छातीतला वारा, एवढ्यावर माझा सगळा संसार. ओठ घट्ट असले तर मी डोंगर जागा करीन. ओठ थरथरले की माझा सूर फुटतो. हे ओठांचं तेवढं ध्यानात ठेवा.

माझा जन्म अमेरिकेत, एका मोठ्या सरोवराकाठच्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, ठोकला, तापवला, वळवला. दुखलं का म्हणाल, तर दुखलं की! मग मला चकाचक करून फौजेच्या छावणीत धाडलं. तिथे पुष्कळ जणांनी मला तोंड लावलं. कुणी वाजवलं की वाटायचं म्हैस हंबरतेय, कुणी वाजवलं की वाटायचं याला शिंक आलीय. मी अगदी मेटाकुटीला आलो होतो. अशात एक दिवस केंटकीच्या डोंगरातला एक उंच, हाडकुळा पोरगा आला. व्हर्जिल टॅकेट त्याचं नाव. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत खपून खोकून खोकून वाकलेला, पण पोराची छाती लोहाराच्या भात्यासारखी. त्याने मला ओठांना लावलं आणि माझा आवाज खरा कसा आहे, हे मलाच पहिल्यांदा कळलं.

व्हर्जिलबरोबर मी व्हिएतनामच्या लढाईवर गेलो. तिथे आमच्या पलटणीतला कुणी जवान पडला, की त्याचे बूट मांडत, त्यांच्यामध्ये रायफल उलटी रोवत आणि तिच्यावर त्याचा लोखंडी टोप ठेवत. सगळे रांगेत उभे राहत आणि मग व्हर्जिल माझ्यातून निरोपाची धून वाजवी. ती धून छोटीशी असते. मध्ये एकदा ती उंच चढते आणि हळूहळू खाली उतरते. पोरं म्हणायची, "टॅकेट, तू वाजवलंस ना, की मेलेलासुद्धा उठून सलाम ठोकेल बघ!" व्हर्जिल लाजून हसायचा आणि बाहीने मला पुसायचा.

मग लॉनी गेला. लॉनी म्हणजे त्याच्याच तंबूतला, त्याच्या शेजारच्या खाटेवरचा. व्हर्जिलच्या आईने घरून पाठवलेली काकवी दोघं एकाच चमच्याने खायचे. त्या सकाळी लॉनीच्या बुटांपुढे व्हर्जिल उभा राहिला, धून उंच चढली आणि त्याचे ओठ थरथरले. माझा सूर फुटला. साऱ्या पलटणीसमोर कप्तान त्याच्यावर कडाडला, "मेलेल्या जवानाची शोभा केलीस तू! एवढं साधं जमत नाही?" व्हर्जिल मला घेऊन तिथून निघाला. तंबूमागे जाऊन त्याने मला खांबावर आपटलं. हा पोचा तेव्हाचा.

पण मरणं काही थांबली नाहीत, आणि बिगुल वाजवणारा दुसरा कुणी नव्हता. प्रत्येक वेळी वाजवायच्या आधी त्याचे ओठ कापायला लागत. छावणीच्या फाटकाबाहेर रस्त्यावर गर्द विकायला असे, इवल्याशा बाटल्यांतून, उघड उघड. कुणीतरी म्हणालं, चिमूटभर सिगारेटीत भर, ओठ थरथरायचे थांबतात. थांबले. धून पुन्हा सरळ वाजू लागली. कप्तान खूश झाला. मला मात्र व्हर्जिलच्या श्वासाला कसला तरी परका, आंबूस वास येऊ लागला. मित्रांनो, गर्द आज माणसाला धीर दिल्यासारखं करतं आणि उद्या अख्खा माणूसच गिळून बसतं. तसंच झालं. घरी जाणाऱ्या जवानांची तपासणी होत असे, तीत तो सापडला. फौजेने कागदोपत्री त्याच्या नावाला बट्टा लावून त्याला काढून टाकलं. पोचा आलेला बिगुल परत कोण मागणार? त्याने मला कपड्यांत गुंडाळून घरी आणलं.

त्याच्या आईचं नाव ऑपल. बाई काटक. व्हर्जिलने स्वतःच सांगितलं, "आई, मला कोंड, नाहीतर हे सुटायचं नाही." तिने त्याला परड्यातल्या कोठीत कोंडलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. आत तो गुरासारखा ओरडे. ती म्हणे, "ओरड लेका, हवं तेवढं ओरड. मी इथनं हलत नाही." आणि खरंच हलली नाही. तिथून तो बाहेर आला तो पुन्हा कधी गर्दाला शिवला नाही. कधीच नाही.

पण बट्टा तो बट्टा. फौजेच्या दवाखान्यात त्याला औषध नाही, चांगली नोकरी नाही. लाकडाच्या वखारीत ओंडके ओढत त्याने जन्म काढला. लग्न झालं, लोरीन नावाची मुलगी झाली, बायको लवकर गेली. मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकून होतो. खाली शेगडीवर घेवडा शिजे, मक्याचा पाव भाजला जाई, आणि त्याची वाफ माझ्या अंगावर बसे. नाही म्हटलं तरी अपमानच तो.

आमच्या गावात माजी सैनिकांचा एक हॉल आहे, आणि टेकडीवर सैनिकांचं वेगळं दफनस्थान, लोखंडी कुंपण घातलेलं. बट्टा लागलेल्याला तिथे जागा नाही. कुणी माजी सैनिक वारला की हॉलमधली म्हातारी मंडळी गणवेश घालून जातात, बंदुकीचे बार काढतात, झेंड्याची तिकोनी घडी करून बायकोच्या नाहीतर आईच्या हातात देतात. या मंडळींचा म्होरक्या हॉबर्ट कॉडिल. जिभेला हाड नसलेला माणूस. व्हर्जिल एकदा हॉलच्या दाराशी गेला, तर हॉबर्ट म्हणाला, "इथं इमानानं घरी आलेल्यांना खुर्ची मिळते. गर्दुल्ल्यांचा अड्डा खाली पुलाजवळ आहे." व्हर्जिल आल्या पावली परतला. तरी प्रत्येक सैनिकाच्या दफनाला तो जाई. मला कोटाखाली घेऊन कुंपणाबाहेरच्या अक्रोडाच्या झाडाखाली टोपी काढून उभा राही. वाजवत मात्र नसे.

हॉलचा बिगुलवाला वारला, तेव्हा त्यांनी एक नवा बिगुल आणला. त्याच्या पोटात यंत्र! माणसाने नुसतं बटण दाबायचं, तोंडाला लावायचं आणि गाल फुगवायचे. माझा हा भाऊबंद, पण सांगायचीसुद्धा लाज वाटते. एका दफनाला त्या यंत्राने ऐन धुनेत दम तोडला. गाल फुगवलेला माणूस तसाच उभा, समोर मांडीवर झेंडा घेतलेली विधवा, आणि सगळीकडे शांतता. तेव्हा अक्रोडाखालून व्हर्जिलने मला ओठांना लावलं आणि जिथे धून तुटली होती तिथून पुढे उचलली. इतक्या वर्षांनी! मी कसा वाजलो म्हणून सांगू!

सगळं आटोपल्यावर हॉबर्ट कुंपणापाशी आला. बराच वेळ घसा खाकरत राहिला.

"टॅकेट, येत जा दर वेळी."

"बरं."

"पण कुंपणाच्या आत पाऊल नाही टाकायचं. नियम आहे तो."

"मी कुठं मागितलं?"

आमच्याकडे रिवाजच आहे, की बिगुलवाल्याने कबरीजवळ उभं राहायचं नाही, लांब राहायचं. या रिवाजामुळे साऱ्या गावाची सोय झाली. व्हर्जिल बाहेर का उभा आहे, हे कुणाला स्वतःच्या मनालाही विचारावं लागलं नाही. लांब तर सगळेच बिगुलवाले उभे राहतात! वर्षानुवर्षं त्याने आतल्या एकेकाला निरोप दिला. हॉबर्ट दर वेळी कुंपणावरून त्याला गरम कॉफीचा पेला देई आणि टोमणा मारी, "आज बरा वाजवलास, म्हातारा झालास तरी." दोघांची अशी कुंपणावरची दोस्ती जमली.

मग व्हर्जिलला त्याच्या बापासारखा खोकला लागला. लोरीनने एकदा विचारलं, "बाबा, तुमची काही इच्छा?" तो म्हणाला, "एकदा कुंपणाच्या आत जायचंय गं. पुरायला का होईना." तेवढंच त्याचं मागणं. राजधानीत एक मंडळ आहे, ते जुना बट्टा पुसू शकतं. लढाईच्या धसक्याने एखादा वाट चुकला असेल तर हल्ली ते विचार करतात. लोरीनने अर्ज केला. सुनावणी फोनवर होती, आमच्याच स्वयंपाकघरात, माझ्या खिळ्याखाली.

आता या डोंगरातल्या लोकांची एक रीत सांगतो. यांच्या चर्चमध्ये माणूस आपलं पाप कबूल करायला उभा राहतो, तेव्हा तो कुणावर ढकलत नाही. दारूवर नाही, गरिबीवर नाही, सैतानावरसुद्धा नाही. ढकललं तर ती कबुलीच नव्हे. व्हर्जिल दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. मंडळातल्या बाईंचा आवाज सौम्य होता.

"मिस्टर टॅकेट, तुम्ही गर्द का घेतलंत?"

व्हर्जिल फोनसमोर उठून उभा राहिला! टोपी काढली.

"घेतलं बाई. कुणी जबरदस्ती केली नव्हती. चूक माझी."

"त्या दिवसांत तुमच्यावर काही गुदरलं होतं का? काही त्रास?"

"त्रास सगळ्यांनाच होता. सगळ्यांनी नाही घेतलं. मी घेतलं."

मी खिळ्यावर तळमळत होतो. अरे, लॉनीचं सांग! कप्तानाचं सांग! माझ्या मानेवरचा पोचा दाखव! पण मित्रांनो, दुसऱ्याच्या श्वासावाचून मला बोलता येत नाही. व्हर्जिलखेरीज खरं कारण माहीत असलेला मी एकटा, आणि मीच मुका. मंडळाचं उत्तर आलं: बट्टा राहील. कारणच दिसत नाही, तर ते तरी काय करणार? लोरीन टेबलावर डोकं ठेवून रडली. व्हर्जिल म्हणाला, "उगी. खोटं तर नाही ना बोललो आपण."

त्याचा दम कमी होत चालला, तसं त्याने लोरीनला वाजवायला शिकवायचं ठरवलं. हॉलमधल्या म्हाताऱ्यांना निरोप कोण देणार, ही त्याची काळजी! बघा म्हणजे!

"ओठ आवळ. अजून. थरथरले की सूर फुटतो."

"तुमचा कधी फुटला होता, बाबा?"

मग मला मांडीवर घेऊन, पोच्यावरून अंगठा फिरवत फिरवत त्याने सगळं सांगितलं. काकवी, चमचा, बूट, कप्तान, बाटली. लोरीन ताडकन उठली.

"हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलं? बाईंनी किती विचारलं!"

"आपलं पाप सांगायला उभा राहिलो होतो मी, पोरी. तिथं लॉनीच्या मड्याआड लपू?"

लोरीनने हे सगळं लिहून दुसरा अर्ज केला. हॉबर्टला कळलं तेव्हा तो थेट आमच्या स्वयंपाकघरात आला. पहिल्यांदाच. "लेका, इतकी वर्षं माझी कॉफी ढोसलीस, आणि हे नाही बोललास?" व्हर्जिल हसला. "तू विचारलं नाहीस." हॉबर्टने खाली मान घातली. मग व्हर्जिल कसा माणूस आहे, याची साक्ष तो स्वतः देऊन आला.

उत्तर यायच्या आधीच, अक्रोड गळायच्या दिवसांत, व्हर्जिल गेला.

कुंपणाच्या आत त्याला जागा नव्हती. अक्रोडाचं झाड हॉबर्टच्या कुरणात येतं. हॉबर्ट म्हणाला, "जिथं उभा राहायचा तिथंच निजू दे त्याला." झेंडा नव्हता, बंदुकीचे बार नव्हते. नियमच तसा. पण हॉलची सगळी म्हातारी मंडळी गणवेश घालून आली, आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला, बाहेर तोंड करून रांगेत उभी राहिली. काठी टेकत, एकमेकांना धरत. आणि त्यांनी सलाम केला.

लोरीनने मला उचललं. तिचे हात गार होते. धून निघाली, वर चढली, तिचे ओठ थरथरले आणि माझा सूर फुटला. अगदी तिथेच, जिथे लॉनीच्या वेळी फुटला होता. ती थांबली. घाबरून तिने हॉबर्टकडे पाहिलं. हॉबर्टच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण सलामाचा हात खाली आला नव्हता.

"थांबू नको पोरी," तो म्हणाला. "फुटला तर फुटू दे. आपल्या माणसासाठी फुटणारच. तू वाजव."

मित्रांनो, एवढंच! लॉनीच्या त्या सकाळी एवढंच कुणी व्हर्जिलला म्हणालं असतं, तर त्याचा जन्म वेगळा गेला असता. मी ती धून फुटक्या आवाजात शेवटपर्यंत नेली आणि मला तिची लाज वाटली नाही.

मंडळाचं उत्तर अजून आलेलं नाही. लोरीन रोज संध्याकाळी मला खिळ्यावरून काढते आणि सराव करते. हो म्हणाले, तर व्हर्जिलला कुंपणाच्या आत न्यायचं, असं हॉबर्टने ठरवलंय. नाही म्हणाले, तर कुंपणच अक्रोडापलीकडे सरकवीन म्हणतो, आणि हा म्हातारा ते करीलसुद्धा.

तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना बिगुल असेल, तर त्याला खिळ्यावर गंजू देऊ नका, अधूनमधून वाजवा. माझा पोचा मात्र कुणी ठोकून सरळ करू नका. आणि तुमच्यातल्या कुणाचा सूर कधी फुटला, तर त्याच्यावर ओरडायच्या आधी जवळ बसून विचारा, "काय झालं रे?" व्हर्जिलला हे विचारायला सगळ्यांना फार उशीर झाला.